अडीचशे किलोमीटर खांद्यावरून नेलेला ऑर्गन बेसूर निघाला, त्याच माणसाचं नाव आज गिटारवर आणि आरएक्स १०० वर आहे

वसई-विरार पट्ट्यात हळद असली की मांडवात काय वाजणार हे विचारावं लागत नाही. अर्नाळा असो, पाचूबंदर असो की नालासोपारा गाव, बेंजो पार्टी ठरलेली. एक जण बेंजोवर कोळीगीताची चाल उचलतो, दुसरा ऑक्टोपॅड बडवतो, तिसरा कीबोर्ड सांभाळतो आणि नवऱ्याचा मामा मधोमध नाचतो.

आता यातली गंमत बघा.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या गोल, चामडं ताणलेल्या बॅन्जोशी काही संबंध नाही. लांबट लाकडी खोकं, त्यावर ताणलेल्या तारा आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. हे मूळचं जपानी वाद्य. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. १९१२ साली नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी ते तयार केलं. भारतात आल्यावर त्याचं बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला पिकअप बसला, अ‍ॅम्प्लिफायर लागला आणि मुंबई-ठाणे-पालघरच्या गल्लीबोळांत त्याचा बेंजो झाला. थोडक्यात, इलेक्ट्रिक गिटारचा लांबचा जपानी चुलतभाऊ आपल्या हळदीत केव्हाच येऊन बसलाय.

ऑक्टोपॅड रोलंड या जपानी कंपनीचा. आणि कीबोर्ड यामाहाचा असेल तर त्यावर एका गोलात तीन चिमटे एकमेकांवर आडवेतिडवे ठेवल्यासारखी खूण दिसेल. तशीच खूण गावात कुणीतरी जिवापाड जपलेल्या आरएक्स १०० वरही असते.

ते चिमटे नाहीत, नादकाटे आहेत. शाळेत विज्ञानाच्या तासाला रबरावर आपटून कानाजवळ धरायचे, तेच. मोटरसायकलवर नादकाटा कशाला, हा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर १८८७ सालच्या एका फजितीत आहे. ही फजिती झाली होती तोराकुसु यामाहा यांची.

जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारी गोळा करणाऱ्यांचा जगभरात एक पंथच आहे. १९६० ते १९८० च्या दशकांतल्या गिटारी शोधायच्या, आतलं लेबल तपासायचं, सिरीयल नंबर लावायचा आणि मग अभिमानाने भिंतीवर टांगायच्या. या मंडळींच्या यादीत यामाहा हे नाव फार वर असतं. पण यामाहाची पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली १९६६ साली, आणि तोराकुसु यामाहा वारले १९१६ साली. मध्ये बरोबर ५० वर्षांचं अंतर. शिवाय ते वादकही नव्हते. ते घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर होते.

तोराकुसु यांचा जन्म २० मे १८५१ चा. किशू संस्थानातला, म्हणजे आजच्या जपानातल्या वाकायामा भागातला. घराणं सामुराईंचं. पण वडील संस्थानाच्या खगोल विभागात कामाला होते, त्यामुळे घरात तलवारींइतकीच ग्रहताऱ्यांची आणि मोजमापाची उपकरणं. पोराला यंत्रांचा नाद तिथेच लागला असावा.

ते विशीत आले तेव्हा जपान मुळापासून हलत होता. १८७१ साली नव्या सरकारने सगळी संस्थानं खालसा केली आणि पुढच्या काही वर्षांत सामुराईंचे पिढीजात तनखेही बंद झाले. आपल्याकडे संस्थानं विलीन झाल्यावर कित्येक मानकऱ्यांची जी गत झाली, तशीच. कुणी शेती धरली, कुणी पोलिसात गेलं, कुणी कर्ज काढून धंद्यात बुडालं. तोराकुसु नागासाकीला गेले. विदेशी जहाजांचं ते जुनं बंदर. तिथे एका इंग्रज कारागिराच्या हाताखाली ते घड्याळाचं काम शिकले.

स्वतः घड्याळं बनवायची असं मनात होतं, पण भांडवल कुठून आणणार? मग ते ओसाकाला येऊन वैद्यकीय उपकरणांच्या कामात शिरले आणि फिरत फिरत १८८० च्या दशकात हमामात्सु नावाच्या गावी पोचले. तिथल्या इस्पितळाची उपकरणं दुरुस्त करायची, लोकांची घड्याळं उघडायची आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरांची हातरिक्षाही ओढायची. सामुराईच्या घरात जन्मलेला माणूस रिक्षा ओढतोय, वय पस्तिशीच्या पुढे, नावावर काही नाही. १८८७ साली परिस्थिती ही अशी होती.

तर झालं असं की, हमामात्सुच्या प्राथमिक शाळेतला ऑर्गन बिघडला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ऑर्गन म्हटलं की चर्चमधल्या मोठ्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. हा तसला नव्हता. हा रीड ऑर्गन, म्हणजे पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मराठी माणसाने हे वाद्य संगीत नाटकात पाहिलंय, बालगंधर्वांच्या काळात त्याची शान काही और होती. आत हार्मोनियमसारख्याच पितळी पट्ट्या, त्यांनाच सूर किंवा रीड म्हणतात. हवा गेली की पट्टी थरथरते आणि स्वर निघतो.

जपानी शाळेत हे विलायती वाद्य आलं कुठून? नव्या सरकारने शाळेत गायन हा विषय आणला होता आणि त्यासाठी पाश्चात्त्य स्वरपद्धत निवडली होती. इसावा शुजी नावाचे शिक्षणाधिकारी अमेरिकेत शिकून आले होते आणि त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. पोरांना गाणी शिकवायची तर ऑर्गन हवा आणि ऑर्गन अमेरिकेतून आणावा लागे. असं मोलाचं वाद्य बंद पडलं, तर गावात हात लावायला कोण? मग मुख्याध्यापकांनी इस्पितळाच्या त्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तोराकुसुंनी ऑर्गन उघडला. आत दोन स्प्रिंग तुटल्या होत्या, बाकी काही नाही. घड्याळ उघडणाऱ्याला हे काम म्हणजे पोरखेळ. पण झाकण लावायच्या आधी त्यांनी आतलं सगळं निरखून पाहिलं, एकेका भागाची चित्रं काढली आणि डोक्यात हिशोब सुरू झाला. सांगतात की त्या ऑर्गनची किंमत ४५ येन होती आणि आपण तो ३ येनमध्ये बनवू असा त्यांचा अंदाज होता. देशभर शाळा निघतायत आणि प्रत्येक शाळेला ऑर्गन लागणार, हे त्यांना तिथेच दिसलं.

आता भिडू शोधायला हवा होता. कावाई किसाबुरो नावाचा धातूच्या नक्षीकामाचा कारागीर तयार झाला. दोघांनी साधारण दोन महिने खपून ऑर्गन उभा केला. बाहेरून अगदी अमेरिकन वाटावा असा. शिझुओकाच्या अध्यापक विद्यालयात नेऊन दाखवला तर तिथे नापसंत. पण नक्की काय चुकलं ते सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगू शकतील अशी माणसं टोकियोच्या सरकारी संगीतशाळेत होती, आणि तिथले प्रमुख होते तेच इसावा शुजी.

हमामात्सु ते टोकियो म्हणजे साधारण २५० किलोमीटर. वसईहून निघून पुणं ओलांडायचं आणि साताऱ्याच्या वाटेला लागायचं, इतकं. या मार्गावरची रेल्वे सलग सुरू झाली १८८९ साली, म्हणजे दोन वर्षांनी. मग यांनी ऑर्गन दांड्याला टांगला, दांडा दोघांनी खांद्यावर घेतला आणि डोलीसारखा उचलून चालायला सुरुवात केली. वाटेत हाकोनेची खिंड लागते. उंची साधारण ८५० मीटर, म्हणजे आपल्या खंडाळ्याहून बरीच जास्त. चढावर दगडी फरसबंदीची जुनी वाट आणि खांद्यावर धक्का लागला तर बिघडेल असं वाद्य.

जपानमध्ये ही गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत असते. चित्रांमध्ये दोघे धुक्यातून ऑर्गन नेताना दिसतात. पण चित्रात पुढचा भाग नसतो आणि खरी मजा पुढेच आहे.

टोकियोला पोचल्यावर ऑर्गन वाजवून पाहिला गेला. निकाल असा आला की बांधणी उत्तम आहे, पण सूर चुकलेत. हा ऑर्गन शाळेत वापरता येणार नाही.

म्हणजे भाता बरोबर होता, पट्ट्या होत्या, लाकूडकाम चोख होतं. डोळ्यांनी पाहून जे जे उतरवता येतं ते सगळं घड्याळजीने उतरवलं होतं. पण सूर डोळ्यांनी दिसत नाही. पट्टीची लांबी-रुंदी मोजून तशीच दुसरी कापली तरी ती त्याच स्वरात बोलेल याची खात्री नसते. टोकाकडे किंचित घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. केसाएवढा फरक झाला तरी कानाला कळतं. पण कळणारा कान तर हवा?

त्यातून पाश्चात्त्य वाद्यांचा आणखी एक घोळ असतो. आपल्या गायनात षड्जापासून पंचम शुद्ध लागतो तेव्हा त्याची कंपनं षड्जाच्या बरोबर १.५ पट असतात. ऑर्गन-पियानोवर सप्तकाचे १२ सारखे तुकडे पाडतात. त्यात हाच पंचम साधारण १.४९८ पट येतो, म्हणजे मुद्दाम इवलासा उतरवलेला. तो तसा उतरवला नाही तर बाकीचे स्वर जुळत नाहीत. (पेटीच्या याच तडजोडीवरून आपल्याकडेही रणं माजली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत.) हे सगळं ज्याला कुणी शिकवलेलंच नाही, तो गावातला मेकॅनिक सूर कुठून लावणार!

इथे दुसरा कुणी असता तर ऑर्गन तिथेच टाकून परत आला असता. शिवाय तोराकुसुंना माघार घ्यायला सबबही होती. माणूस यंत्राचा, संगीताशी संबंध काय? पण इसावा शुजींनी मोठी गोष्ट केली. त्यांनी तोराकुसुंना त्याच संगीतशाळेत बसून शिकायची परवानगी दिली. साधारण महिनाभर हा छत्तिशीचा गृहस्थ विद्यार्थ्यांमध्ये बसून स्वरशास्त्र आणि सूर जुळवणं शिकला. जवळ नादकाटा. काटा वाजवायचा, पट्टी वाजवायची, दोन्ही नाद एकत्र ऐकायचे. सूर जवळपास जुळला की आवाजात एक लाट उठते, तो हलतो. आणखी जुळवत गेलं की लाट मंदावते आणि सूर एक झाला की थांबते. घड्याळाची टिकटिक ऐकून दोष ओळखणाऱ्या माणसाला ही लाट ऐकायला शिकणं जमलं.

हमामात्सुला परतून दुसरा ऑर्गन बनवला. पुन्हा तपासणी. या वेळी इसावांनी तो विदेशी ऑर्गनच्या तोडीचा ठरवला.

पुढचा प्रवास भराभर झाला. १८८८ साली हमामात्सुत ऑर्गनचा कारखाना निघाला आणि वर्षभरात तिथे शंभरेक माणसं काम करू लागली. १२ ऑक्टोबर १८९७ ला कंपनी स्थापन झाली, भांडवल १ लाख येन, अध्यक्ष तोराकुसु. नाव ठेवलं निप्पॉन गाक्की, म्हणजे सरळ मराठीत जपान वाद्य कंपनी. दुसऱ्या वर्षी, १८९८ ला, कंपनीने खूण ठरवली ती नादकाट्याची. एका चिन्हात तर चोचीत नादकाटा धरलेला फिनिक्स पक्षी होता. जिथे नापास झालो तीच गोष्ट कंपनीची ओळख म्हणून मिरवायची, याला छाती लागते.

१८९९ साली सरकारने त्यांना पियानोचा अभ्यास करायला अमेरिकेला पाठवलं. जवळपास पाच महिने ते तिथले कारखाने पाहत फिरले. १९०० मध्ये कंपनीने उभा पियानो बनवला, १९०२ मध्ये ग्रँड पियानो. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात कंपनीच्या पियानो आणि ऑर्गनला मानाचं पारितोषिक मिळालं.

त्यांच्या हाताखाली कारागीरही घडत होते. कावाई कोइची नावाचा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी त्यांच्याकडे कामाला लागला. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते, ती सगळी यंत्रणा जपानमध्ये बनवण्याचं श्रेय त्याला देतात. तोराकुसु गेल्यानंतर, १९२७ साली, त्याने स्वतःची कंपनी काढली. आजची कावाई पियानो कंपनी ती हीच. (ऑर्गन वाहून नेणारे कावाई वेगळे, गल्लत नको.)

८ ऑगस्ट १९१६ ला तोराकुसु यामाहा यांचं निधन झालं. वय ६५. त्यांच्या मागे राहिला लाकूड वाळवायचं, वाकवायचं, चिकटवायचं कसब असलेला कारखाना. याच कसबावर पुढच्या दशकात कंपनी विमानांचे लाकडी पंखे बनवू लागली, युद्धात धातूचे. युद्ध संपल्यावर हाताशी उरलेल्या यंत्रांचं करायचं काय, या विचारातून मोटरसायकल निघाली आणि १९५५ साली यामाहा मोटर ही वेगळी कंपनी झाली. तिचीच आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. दोन्ही कंपन्यांची खूण सारखीच दिसते, पण नीट बघा. वाद्यांच्या खुणेत नादकाट्यांची टोकं गोलाच्या आतच राहतात, मोटरसायकलच्या खुणेत ती कडेच्या कड्याला जाऊन भिडतात.

आता गिटारकडे येऊ, कारण तोराकुसुंची फजिती तिथे पुन्हा एकदा घडली. या वेळी अख्ख्या देशाची.

१९६५ च्या सुमारास द व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्यांनी जपानी पोरं वेडी झाली. घरोघर इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. टेस्को, गुयाटोन यांच्यासारख्या कंपन्या धडाक्यात माल काढू लागल्या. आकार भन्नाट, बटणं खंडीभर, पण पुष्कळशा गिटारी नवशिक्यांच्या आणि स्वस्तातल्या. अमेरिकेत जपानी गिटार म्हणजे पोराला घेऊन द्यायची वस्तू. सत्तरच्या दशकात पुढची पायरी आली आणि गिब्सन, फेंडर या अमेरिकन कंपन्यांच्या गिटारींच्या हुबेहूब प्रती निघू लागल्या. नागोयाच्या होशिनो कंपनीच्या इबानेझ गिटारी यात आघाडीवर. हे नावसुद्धा स्पेनच्या साल्व्हादोर इबान्येझ या जुन्या कारागिराचं, ज्याच्या गिटारी होशिनो पूर्वी आयात करत असे. शेवटी १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर दावा ठोकला. वाद होता गिटारच्या माथ्याच्या आकारावरून. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं, पण तो काळच संग्राहकांच्या बोलीत दाव्याचा काळ म्हणून ओळखला जातो. त्या वेळच्या प्रती आज मुद्दाम शोधल्या जातात, कारण त्यांतल्या बऱ्याच चांगल्या वाजतात. नक्कल करता करता हात बसला होता.

यामाहाने १९६६ साली एसजी नावाने इलेक्ट्रिक गिटारी आणल्या. त्यातल्या एका वाकड्या, झेपावल्यासारख्या आकाराला संग्राहक उडता सामुराई म्हणतात. त्याच वर्षीच्या एफजी १८० या साध्या गिटारचे लाल लेबलवाले नग अजूनही हातोहात जातात. पण खरी परीक्षा झाली सत्तरच्या दशकात. कार्लोस सांताना या मोठ्या गिटारवादकाने यामाहाची एसजी वाजवून पाहिली आणि त्यात उणिवा काढल्या. गिटार अंगाने वजनदार हवी आणि सूर छेडल्यावर तो लांबपर्यंत टिकायला हवा, असं त्याचं म्हणणं पडलं. यामाहाच्या लोकांनी ऐकून घेतलं. मान अंगातून थेट आरपार नेली, ब्रिजखाली पितळेचा जाड तुकडा बसवला आणि १९७६ साली एसजी २००० बाजारात आली. सांतानाने ती मंचावर वाजवली. ती कुणाची प्रत नव्हती, आणि आता जुन्या जपानी गिटारी जमवणाऱ्यांच्या घरात ती असतेच, नसली तर ती मिळवायची धडपड तरी असते.

अशी जुनी गिटार कधी हाताला लागली तर आतल्या किंवा मागच्या बाजूला छापलेलं कंपनीचं नाव वाचावं. माथ्यावर यामाहा असलं तरी कंपनी म्हणून तिथे निप्पॉन गाक्की लिहिलेलं सापडू शकतं. शाळेतला तो ऑर्गन दुरुस्त केल्याला १०० वर्षं झाली तेव्हा, १९८७ साली, कंपनीने आपलं नाव बदलून यामाहा केलं. त्यामुळे निप्पॉन गाक्की छापलं असेल तर ती गिटार त्याआधीची धरायला हरकत नाही.